तीन दिवसांची बेगमी

१. मदत येणारच असेल, तर पिशवी कशाला?

पूर आला की बोटी येतात, भूकंप झाला की जवान ढिगारे उपसायला येतात, गावच्या शाळेत निवारा उघडतो आणि तेथे जेवणाचीही सोय होते. मग प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरात आपत्तीसाठी वेगळी पिशवी भरून ठेवण्याची गरज काय, असा प्रश्न अनेकजण विचारतात आणि तो रास्तही आहे. २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाल्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले, त्याची एक बटालियन पुण्याजवळ तैनात असते आणि प्रत्येक जिल्ह्यात नियंत्रण कक्ष चालतो. या यंत्रणेने असंख्य माणसे सुखरूप बाहेर काढली आहेत, तिच्यावर विश्वास ठेवायलाच हवा. मात्र जी मदत यायची, ती बहुतेक वेळा रस्त्यानेच येते आणि बहुतेक आपत्तींत सर्वांत आधी बंद पडतो तो रस्ताच.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगा या नद्यांना महापूर आला, तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते, पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. कोल्हापूरजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग अनेक दिवस बंद राहिला, शहरात इंधनाचा आणि दुधाचा तुटवडा झाला, आणि पाणी उपसणारी केंद्रेच पुरात बुडाल्याने चहूकडे पाणी असताना नळ मात्र कोरडे पडले. संकट ओढवल्यापासून मदत दारात पोहोचेपर्यंतचा हा मधला काळ कुटुंबाला स्वतःच्या बळावर काढावा लागतो. जगभरच्या आपत्ती व्यवस्थापनात हा काळ किमान ७२ तासांचा, म्हणजे तीन दिवसांचा धरतात आणि घरातली तयारीही त्याच मापाने करायला सांगतात. ज्या वाडीला एकच पूल किंवा एकच घाट बाहेरच्या जगाशी जोडतो, तिने मात्र हे माप आठवड्याचे धरावे.

ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. कोकणात पावसापूर्वी आगोटीची खरेदी होते, तांदूळ, डाळी, सुकी मासळी, आमसुले आणि सुकी लाकडे पहिल्या सरीआधी घरात येतात. गोव्यात याच बेगमीला पुरुमेत म्हणतात आणि तिच्यासाठी बाजार भरतात. चार महिने वाट बंद राहणार हे गृहीत धरून घर चालवण्याची ती रीत होती. रस्ते आणि दुकाने वाढली तशी शहरांतून ती मागे पडली, पण तिच्यामागचा विचार आजही तितकाच खरा आहे.

२. पिशवी एक नव्हे, दोन

आपत्तीत कुटुंबावर दोनपैकी एक वेळ येते. एकतर घर सोडून निघावे लागते, किंवा घर शाबूत असते पण बाहेर पडता येत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये पाणी चढले, तेव्हा तळमजल्यावरच्या माणसांना निघावे लागले, तर वरच्या मजल्यावरची माणसे घरातच अडकून पडली. या दोन प्रसंगांना एकच पिशवी पुरत नाही, कारण पहिल्या प्रसंगात वजन शत्रू ठरते आणि दुसऱ्यात कमतरता. म्हणून तयारीचे दोन भाग करावेत: पाठीवर घेऊन चालता येईल अशी निघण्याची पिशवी, आणि घरात राहिल्यास पुरेल असा तीन दिवसांचा साठा.

निघण्याच्या पिशवीला दोन्ही खांद्यांवर अडकवायचे पट्टे असावेत, म्हणजे हात मोकळे राहतात. एका हाताने दोर आणि दुसऱ्या हाताने मूल धरावे लागते. धडधाकट माणसाच्या पिशवीचे वजन आठ-दहा किलोंपलीकडे जाऊ देऊ नये. भरलेली पिशवी पाठीवर टाकून एकदा जिना उतरून पाहिला, की काय जास्त झाले आहे ते आपोआप कळते.

३. आधी माणसे मोजावीत

बाजारात आता तयार आपत्ती-पेट्या मिळतात आणि त्यांत बऱ्याच उपयोगी वस्तू असतातही. परंतु त्यांतली एकही पेटी घरातल्या आजीला चष्मा नसेल तर दिसत नाही, हे जाणत नाही. पिशवीची यादी दुकानात तयार होत नाही, ती घरातल्या माणसांकडे पाहून करावी लागते, आणि तीही घरातल्या सर्वांत नाजूक माणसापासून सुरुवात करून. तरुण माणूस तीन दिवस फुटाण्यांवर काढू शकतो. तान्हे बाळ, मधुमेही आजोबा, गरोदर सून किंवा चालता न येणारा भाऊ यांना तसे काढता येत नाहीत, त्यामुळे त्यांची गरज आधी लिहावी आणि उरलेल्या जागेत बाकीच्यांचे सामान बसवावे.

यासाठी एक वही घ्यावी आणि प्रत्येक माणसाच्या नावाखाली तो सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत ज्या वस्तूंवाचून अडतो त्या लिहाव्यात. जादा चष्मा, कवळीची डबी, कानातल्या यंत्राचे सेल, सॅनिटरी पॅड, लंगोट, दम्याचा पंप, काठी या वस्तू छापील याद्यांत क्वचित सापडतात. या वहीत मात्र त्या हमखास येतात. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध आपत्तीतही चालूच ठेवावे, कारण आईच्या दुधाला ना स्वच्छ पाणी लागते ना उकळलेली बाटली. भुकटीच्या दुधाला दोन्ही लागतात आणि पुरात नेमकी त्यांचीच वानवा असते.

४. पाण्याचा हिशेब

अन्नावाचून माणूस बरेच दिवस काढतो, पाण्यावाचून तीन दिवसही कठीण जातात. पिण्यासाठी आणि जेमतेम स्वयंपाकासाठी दर माणशी दररोज किमान तीन लिटर पाणी धरतात. पाच माणसांच्या घराचा हिशेब असा: पाच गुणिले तीन लिटर म्हणजे दिवसाला १५ लिटर, आणि तीन दिवसांचे ४५ लिटर. यात आंघोळ, भांडी, संडास काहीच आलेले नाही. पाण्याचे एक लिटर म्हणजे एक किलो वजन, तेव्हा हा साठा ४५ किलोंचा झाला आणि तो पाठीवर नेता येणार नाही, हे येथेच स्पष्ट होते. म्हणून निघण्याच्या पिशवीत माणशी एक-दोन लिटरची बाटली आणि पाणी शुद्ध करण्याचे साधन ठेवावे, आणि बाकीचे पाणी झाकणबंद कॅनमध्ये घरात ठेवावे. कॅन खाद्यपदार्थांसाठी बनलेल्या प्लास्टिकचा असावा. रंगाचा, खताचा किंवा औषध फवारणीचा डबा कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये. अतिवृष्टीचा इशारा मिळताच घरातले हंडे, कळशा, बादल्या भरून झाकून ठेवाव्यात, म्हणजे वापरायच्या पाण्याचीही सोय होते.

साठा संपला आणि बाहेरचे पाणी वापरण्याची वेळ आली, तर दोन पायऱ्या लक्षात ठेवाव्यात, आणि त्यांचा क्रम बदलू नये. पहिली पायरी गाळ बसवण्याची: पाण्यात तुरटी फिरवून ते स्थिर ठेवावे आणि वरचे निवळ पाणी स्वच्छ सुती कापडाच्या दुहेरी घडीतून गाळावे. दुसरी पायरी जंतू मारण्याची: पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे, किंवा सरपण नसेल तर क्लोरीनची गोळी अथवा आरोग्य केंद्रातून मिळणारे मेडिक्लोर वेष्टनावरच्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीन थेट घातले, तर त्याचा बराचसा भाग गाळातल्या सेंद्रिय पदार्थांवरच खर्ची पडतो आणि जंतू जिवंत राहतात, म्हणून गाळ बसवणे आधी. एक मर्यादा मात्र जाणून घ्यावी लागते. ज्या पाण्यात डिझेल, कीटकनाशक किंवा कारखान्याचे रसायन मिसळले आहे, ते उकळून किंवा क्लोरीन घालून पिण्याजोगे होत नाही, कारण या उपायांनी जंतू मरतात, रसायन जात नाही. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा औषधाचा वास असला तर ते सोडूनच द्यावे.

५. चूल न पेटवता

साठ्यातले अन्न निवडताना तीन कसोट्या लावाव्यात: ते शिजवावे लागू नये, त्याला पाणी कमी लागावे, आणि घरातल्यांच्या तोंडाला ते रुचणारे असावे. मराठी स्वयंपाकघर याबाबतीत फार संपन्न आहे. शेंगदाणे, गूळ, फुटाणे, चुरमुरे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, खाकरे, सातूचे पीठ आणि पोहे यांतच तीन दिवस निघतात. पातळ पोहे तर थोड्या पाण्यात विस्तवाशिवाय भिजतात आणि गुळाबरोबर पोटभर होतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे ५७० कॅलरी मिळतात, पन्नास ग्रॅम गुळातून सुमारे १९०. म्हणजे दोन मुठी शेंगदाणे आणि गुळाचा मोठा खडा यांत मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग भागतो. सांगली-कोल्हापूरकडचे भडंग टिकाऊ आणि आवडीचे असले तरी तिखट-मीठ तहान वाढवते, आणि पाणी मोजून प्यायचे असताना तहान वाढवणारे खाणे साठ्यात कमीच असावे.

६. औषधांचा डबा

जखमेसाठी बँडेज, निर्जंतुक गॉझ, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, कात्री, चिमटा आणि तापमापक, तापासाठी पॅरासिटामॉल, जुलाबासाठी ओआरएसची पाकिटे. एवढ्याने डब्याचा पाया भरतो. ओआरएस म्हणजे शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढणारे साखर-मिठाचे मिश्रण. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घरी करता येते. मिठाचे प्रमाण अंदाजाने वाढवू नये, लहान मुलाला ते घातक ठरू शकते.

खरा प्रश्न रोजच्या औषधांचा असतो. रक्तदाब, मधुमेह, फेफरे, थायरॉइड, हृदयविकार यांची औषधे अचानक तुटली तर पुरात न सापडलेला माणूसही संकटात सापडतो. अशा प्रत्येक औषधाचा किमान सात दिवसांचा साठा जवळ असावा. पट्टी संपत आली की नवी आणण्याऐवजी एक पट्टी शिल्लक असतानाच नवी आणण्याची सवय घराने लावून घेतली, की वेगळा खर्च न होता हा साठा तयार होतो. गोळ्या सुट्या काढून डबीत भरू नयेत, मूळ पट्टीतच ठेवाव्यात, कारण निवारा केंद्रातल्या डॉक्टरला पट्टीवरचे नाव आणि मुदत वाचता येते. सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची छायाप्रत ठेवावी.

इन्सुलिनबद्दल मोठी भीती असते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियसला, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवायची असते, पण वापरात असलेली बहुतेक प्रकारची इन्सुलिन सुमारे चार आठवडे साध्या खोलीच्या तापमानाला चालतात. नेमकी मुदत वेष्टनावर असते आणि डॉक्टरांना विचारून ती कुपीवरच लिहून ठेवावी. वीज गेल्यावर कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कोरड्या लहान मडक्यात ठेवावी आणि ते मडके पाणी घातलेल्या मोठ्या मातीच्या भांड्यात ठेवून वर ओले फडके टाकावे. मातीच्या छिद्रांतून झिरपणारे पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते आणि आतली हवा गार राहते. इन्सुलिन बर्फावर थेट ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निकामी झालेले असते.

पुराच्या पाण्यातून चालून आल्यावर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदीर आणि जनावरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा हा जंतू पायावरच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती. म्हणून पिशवीत गमबूट असावेत, आणि ते नसतील तर जखमेवर पाणी शिरणार नाही अशी पट्टी लावावी. त्या पाण्यात चालावेच लागले असेल, तर प्रतिबंधक गोळीसाठी लगेच आरोग्य केंद्रात जावे. ती मनाने घेऊ नये. ताप आला तर एकही दिवस अंगावर काढू नये.

७. उजेड, शिट्टी आणि बातमी

मेणबत्तीपेक्षा बॅटरी बरी, कारण भूकंपानंतर किंवा पुरानंतर घरात गॅस साचलेला असू शकतो आणि तेथे काडी ओढणे जिवावर बेतते. कपाळावर बांधायची बॅटरी सर्वांत सोयीची. तिचे सेल आत घालून ठेवू नयेत. वर्षभर आत राहिलेला सेल टोकाशी पाझरू शकतो, मग स्प्रिंगवर पांढरट-हिरवट भुकटी जमते आणि गरजेच्या रात्री बटण दाबूनही दिवा लागत नाही. सेल शेजारीच वेगळ्या पिशवीत ठेवले की पुरे.

ढिगाऱ्याखाली सापडलेल्या माणसाचा आवाज लवकर बसतो, शिट्टीला दम फारसा लागत नाही आणि ती दूरवर ऐकू जाते. म्हणून प्रत्येकाच्या पिशवीला एक शिट्टी बांधावी.

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्यानंतर विजेचे खांब पडल्याने काही भागांत आठवडे अंधार राहिला आणि मोबाइलही मुके झाले. तेव्हा भरलेली पॉवर बँक हवीच, पण तिच्या जोडीला सेलवर चालणारा लहान रेडिओही हवा, कारण मनोरे बंद पडले तरी आकाशवाणी दूरवरून ऐकू येते. दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत. फोन बंद पडला की स्वतःच्या भावाचा क्रमांकही आठवत नाही. त्यात तातडीच्या मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक असावेतच. लहान मुलाच्या खिशात नाव, पालकांचे क्रमांक आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवावी.

८. कागद आणि रोकड

आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, विम्याची पॉलिसी, सातबारा, घरपट्टीची पावती यांच्या छायाप्रती झिपच्या प्लास्टिक पाकिटात आणि ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालावे. डिजिलॉकरवर कागद चढवून ठेवावेतच, मात्र फोन चालू नसताना त्यांचा उपयोग नाही. पावसाळ्यापूर्वी घराची, सामानाची आणि गोठ्याची मोबाइलवर छायाचित्रे काढून परगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवावीत. पुढे तलाठी पंचनाम्याला येतात तेव्हा पूर्वी काय होते हे दाखवायला ती कामी येतात. रोकड लहान नोटांत ठेवावी, कारण वीज आणि इंटरनेट नसताना मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत आणि पाचशेची मोड कोणाकडे नसते.

९. पिशवी ठेवायची कोठे?

हा प्रश्न बहुतेक याद्या विचारतच नाहीत, आणि साऱ्या तयारीचे यश त्यावरच ठरते. पुराच्या गावात पिशवी माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर हवी, कारण पाणी खालून येते. भूकंपाच्या पट्ट्यात नेमके उलट. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरे झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. अशा रात्री माळ्यावर ठेवलेल्या पिशवीपर्यंत कोणीही पोहोचू शकत नाही. ती बाहेर पडण्याच्या दाराजवळ खुंटीला किंवा अंगणातल्या भक्कम पेटीत असावी, आणि बॅटरी व चपला झोपण्याच्या जागेशेजारी असाव्यात, कारण नाहीतर अंधारात फुटक्या काचांवरून अनवाणी चालावे लागते. कोयनेच्या खोऱ्यासारख्या भागात, जेथे १९६७ मध्ये मोठा भूकंप झाला आणि जेथे पाऊसही धो धो कोसळतो, तेथे साठा वर आणि पिशवी दाराशी अशी विभागणी करावी.

मुंबई-पुण्यासारख्या शहरात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा लाखो माणसे घरी नव्हतीच. ती कचेऱ्यांत, गाड्यांत आणि रस्त्यांवर होती. म्हणून कामावर जाणाऱ्याच्या रोजच्या पिशवीत पाण्याची बाटली, एक-दोन राजगिऱ्याचे लाडू, एका दिवसाची औषधे आणि छोटी बॅटरी असावी. घरातल्यांनी भेटण्याची एक जागा आणि निरोप ठेवण्यासाठी परगावचा एक नातेवाईक आधीच ठरवून ठेवावा.

१०. तपासणी

साठा एकदा भरून विसरला, तर वर्षाने उघडल्यावर खवट शेंगदाणे आणि मुदत उलटलेल्या गोळ्या हाती येतात. किराणा दुकानदार जसा नवा माल मागे लावतो आणि जुना पुढे ओढून आधी विकतो, तसे घरानेही करावे: पोहे-गूळ-शेंगदाणे साठ्यातून रोजच्या वापरात काढावेत आणि त्यांच्या जागी ताजे भरावेत. मृग लागण्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, अशा दोन वेळा ठरवल्या की वेगळी तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. मुलांच्या पिशवीतले कपडे मात्र प्रत्येक वेळी अंगाला लावून पाहावेत, मुले सहा महिन्यांत वाढतात.

११. निघताना

डोंगरउतारावरच्या वस्तीसाठी पिशवीपेक्षा वेळ मोलाची. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३: या तिन्ही ठिकाणी दरड कोसळल्यावर सामान उचलायला क्षणही मिळाला नाही. जमिनीला नवी भेग पडणे, झाडे-खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे अशी चिन्हे दिसताच, किंवा हवामान विभागाने अतिवृष्टीचा लाल इशारा दिला असता, पाऊस वाढण्याची वाट न पाहता उजेडातच निघावे. तेथे पिशवी आधीपासून भरलेली असण्याचा खरा लाभ हाच, की निघण्याचा निर्णय आवराआवरीसाठी अडून राहत नाही.

घर सोडताना विजेचा मेन स्विच बंद करावा, मात्र पाय पाण्यात असतील तर त्याला हात लावू नये. गॅसचा रेग्युलेटर काढून टाकीला टोपण लावावे आणि टाकी दोरीने खिडकीच्या गजाला बांधावी. घरगुती टाकी भरलेली असली तरी तिचे वजन सुमारे ३० किलो भरते आणि आकारमान ३३ लिटरांहून अधिक असते, त्यामुळे भरलेली टाकीही पुरात तरंगत निघून जाते. गोठ्यातली जनावरे बरोबर नेता येत नसतील, तर दावी सोडावीत. बांधलेले जनावर दाव्याला अडकून बुडते, मोकळे जनावर पोहून उंचवटा गाठू शकते. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक वहीत टिपलेला असला, की नंतर ओळख पटवणे आणि पंचनामा दोन्ही सोपे जाते.

बोटीत बसताना बोट चालवणारा थांब म्हणाला तर थांबावे आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतलेली बोट उलटली आणि सुटकेसाठी निघालेल्यांचाच जीव गेला. शेजारी एकटे राहणारे वृद्ध असतील, तर त्यांची पिशवी कोण उचलणार आणि त्यांना हात कोण देणार हे पावसाळ्याआधीच ठरलेले असावे, आणि त्यांच्या घराची दुसरी किल्ली त्या माणसाकडे असावी. शेवटी दाराबाहेर, पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, खडूने निघालेल्यांची संख्या, कोठे गेलो ते आणि तारीख लिहावी, म्हणजे शोधपथकाचा वेळ रिकाम्या घरात जात नाही आणि तो शेजारच्या दारासाठी उरतो.